शाब्लीचा राखीव नमुना

चुनखडीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. तीस वर्षांच्या वर मी रायपुरात एका सरकारी प्रयोगशाळेत दगड तपासले. सिमेंटसाठी लागणारी चुनखडी खाणींमधून पोत्यांत भरून यायची. तिच्यात चुना किती, वाळू किती, मॅग्नेशियम किती ते काढायचं आणि खाली सही करायची. एवढंच काम. त्यात कंटाळा येत नाही का, असं लोक विचारायचे. मला त्या लोकांचाच कंटाळा यायचा.

इथे जमीन खणली की चुनखडीच लागते. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की नळाच्या तोट्या वर्षभरात पांढऱ्या पडतात. मी त्याबद्दल दगडाला दोष देत नाही. बायको मला देते.

आम्हाला एकच मुलगी. ती इथल्याच कृषी कॉलेजात शिकली. पुढे ती सरकारी अधिकारी होईल असं मी धरून चाललो होतो, आणि मी धरून चाललो म्हणजे ते ठरलंच अशी माझी समजूत होती. परीक्षेची तयारी करता करता तिने एक दिवस सांगितलं, की फ्रान्समध्ये द्राक्षशेती शिकायला तिला जागा मिळाली आहे, शिष्यवृत्तीसकट. खायची द्राक्षं नाहीत, वाईनची. मी जेवत होतो. "म्हणजे दारू काढाले चालली," एवढं म्हणून मी ताट सरकवलं. ती गेली. त्यानंतर तीन-चार वर्षं दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा, आणि मी तब्येत, ऊन आणि विजेचं बिल यांवर बोलून फोन बायकोकडे द्यायचो. तिच्या कामाबद्दल मी एक अक्षर विचारलं नाही. विचारायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. पण एकदा न विचारण्याची सवय लागली की मग कुठून सुरुवात करावी ते सुधरत नाही.

सुरुवात दगडाने करून दिली. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, मला शाब्लीत पक्कं काम मिळालं. इथे सगळी चुनखडी आहे, तुमच्यासारखी."

"कोणत्या काळातली?" मी विचारलं.

"ज्युरासिक."

"म्हणजे कालची. शिंपल्या सापडत असतील तिच्यात."

"पायाखाली सापडतात."

"आमच्यात नाही सापडत. आमचा दगड बनला तेव्हा शिंपल्या जन्माले आल्या नव्हत्या."

ती हसली. मग मीही हसलो. फोनवर नेमकं आहे तरी कोण, हे बघायला बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

त्या दिवसापासून रविवारचे फोन लांबले. शाब्ली हे गावाचं नाव, आणि तिथल्या पांढऱ्या वाईनचंही तेच नाव. पॅरिसहून आग्नेयेला गाडीने दोन-अडीच तास. बर्गंडी म्हणून मोठा प्रांत आहे, त्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला. गाव लहानसं; आपल्याकडच्या एखाद्या तहसिलीपेक्षाही लहान. मधून एक नदी जाते, तिला नदी म्हणायचं की नाला, यावर आमचा वाद झाला. दोन्हीकडे टेकड्या आणि टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा. द्राक्ष एकाच जातीचं, शार्दोने. दुसरं लावून त्याला शाब्ली म्हणता येत नाही, तसा कायदाच आहे तिथे. नदीच्या उजव्या बाजूला एक उतार असा आहे की दुपारचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर येतं; तिथली वाईन सगळ्यात वरच्या दर्जाची. टेकड्यांच्या माथ्यावरच्या सपाटीची सगळ्यात खालची. एकच द्राक्ष, एकच गाव, आणि मधे एक रस्ता ओलांडला की बाटलीवरचं नाव बदलतं. मला हे फार पटलं. आमच्याकडेही एकाच खाणीच्या दोन कोपऱ्यांतले नमुने वेगळे निघतात आणि मालकाला ते कधीच पटत नाही.

दगड म्हणजे चुनखडी आणि चिकणमातीचे आलटून पालटून थर. त्यांत बारक्या शिंपल्या, स्वल्पविरामाच्या आकाराच्या. तिने फोटो पाठवले. मी ते मोठे करून करून पाहिले आणि मातीचं प्रमाण किती असेल ते अंदाजाने सांगितलं. तिने तिथल्या रिपोर्टात पाहिलं, तर मी फारसा चुकलो नव्हतो. ती दिवसभर खूश होती, असं बायको म्हणाली. मीही होतो, पण ते मी बायकोला सांगितलं नाही.

तिचा मालक सत्तरीचा, एकटा माणूस. त्याच्या घराण्यात पिढ्यांपासून हेच. तिच्या कामाला काही वर्षं झाल्यावर त्याने उतारावरची एक चिंचोळी पट्टी तिला दाखवली आणि सांगितलं, की छाटणीपासून बाटलीपर्यंत ही तुझी, मी बोट लावणार नाही. त्या वर्षी एप्रिलात कोंब फुटले आणि नेमकं तेव्हाच दव गोठायला लागलं. पहाटे उठून रांगांमध्ये मेणाचे डबे पेटवून ही पोट्टी धुरात बसली. निम्म्यावर कोंब गेले. उरलेल्यातून जी वाईन निघाली ती थोडीच, पण मालकाने चाखून मान हलवली, आणि तो मान सहसा हलवत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी डिसेंबरात ती घरी आली, ती स्वेटरमध्ये गुंडाळून एक बाटली घेऊन. बाटली माझ्या हातात दिली. बायकोच्या नाही, माझ्याच.

"बाबा, ही माझी पहिली. माझी म्हणजे माझीच."

"मी पीत नाही, तुले माहीत आहे."

"दोन घोट फक्त. तुम्ही दगडाला जीभ लावून सांगायचे ना, माती किती आहे ते? तसंच. मला बाकी कुणाचं ऐकायचं नाही. तुम्ही चाखा आणि सांगा." मग नेहमीप्रमाणे ती हिंदीत शिरली. "सच बोलना पड़ेगा हां."

प्रवासात बाटली हलली होती, म्हणून दोन आठवडे तिला पडू द्यायचं होतं आणि तोवर पोरीची सुट्टी संपणार होती. तिने मला तीनदा बजावलं. आडवी ठेवा. गार जागेत ठेवा. हिवाळा संपायच्या आत प्या. बूच काढायचा स्क्रूही ठेवून गेली.

आता इथे मला माझ्या कामाची एक पद्धत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं मूर्खपणाचं वाटेल. तसं ते होतंच. प्रयोगशाळेत दगडाचा नमुना आला की तो कुटायचा, त्याचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग पाडायचे आणि समोरासमोरचे दोन भाग उचलायचे. असं करत करत हातात मूठभर उरतं. त्यातलं अर्धं तपासायचं. उरलेलं अर्धं पिशवीत घालून, लाखेने सील करून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायचं. हा राखीव नमुना. पुढे कधी भांडण लागलं, कुणी म्हटलं की तुमचा रिपोर्ट खोटा, तर सगळ्यांसमोर सील फोडून तो तपासायचा. तोवर त्याला हात लावायचा नाही. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या कपाटातला राखीव नमुना कुणी फोडला नाही. मला त्याचा अभिमान होता. जी वस्तू मोलाची, ती सील करून ठेवायची, हे माझ्या हाडात गेलं होतं.

मुलगी गेल्यावर दोन आठवड्यांनी मी बाटली हातात घेतली. स्क्रू पण घेतला. आणि मला ती फोडवेना. एकच बाटली. एकदा उघडली की संपली. मग मी एक चिठ्ठी केली. नमुना, पांढरी वाईन. स्थळ, शाब्ली. आणणारी, कन्या. खाली तारीख आणि सही. ती बाटलीला चिकटवली, बाटली जुन्या धोतरात गुंडाळली आणि मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, माझ्या सर्टिफिकेटांच्या वरच्या खणात ठेवली. आडवी ठेवली, तेवढं मी ऐकलं.

दर रविवारी ती विचारायची. "बाबा, प्यायली?" मी म्हणायचो, "अजून नाही. निवांत पिईन." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. होळी आली, गेली. मग एका रविवारी तिने विचारलंच नाही. तब्येतीचं विचारलं, आईला द्या म्हणाली. पूर्वी मी बोलायचो तसं ती बोलली. ते मला लागलं. आठवडाभर ते डोक्यात होतं. पुढच्या रविवारी तिने हॅलो म्हणताच मी म्हटलं, "प्यायली बरं का."

 ती म्हणाली, "थांबा. बसा आधी. आता सांगा. सगळं सांगा, घाई करू नका."

मी सांगितलं. "चुनखडीचा ताजा तुकडा फोडून त्याच्यावर पाणी टाकलं की जो वास येते ना, पहिले तो आला. मग जिभेवर लिंबाच्या सालीसारखं. रसासारखं नाही, सालीसारखं. आणि गिळल्यावर जिभेच्या कडेले थोडं मीठ राहिलं. बराच वेळ राहिलं."

वासाचं माझं होतं. ताजा फुटलेला दगड मी रोज हुंगलेला आहे. लिंबाचं आणि मिठाचं मी मोबाइलवर वाचलं होतं. साल आणि रस हा फरक मात्र बोलता बोलता सुचला, आणि सुचल्यावर मला तो इतका आवडला, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच प्यायलो.

ती रडत होती. मला वाटलं लाइन खराब आहे. "बाबा," ती म्हणाली, "इथे कुणालाही असं सांगता आलं नाही."

फोन ठेवला तर बायको दारात उभी. "अहो, काहून खोटं बोलले? कपाटात आहे न बाटली."

"तुले काय करायचं आहे?"

"मले काही नाही करायचं. तुमचंच पहा तुम्ही." असं म्हणून ती आत गेली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण त्या दिवशी तिने मला चहा विचारला नाही.

हजारो रिपोर्टांवर सह्या केल्या, पण नमुना न फोडता दिलेला हा एकच. हे मला तेव्हाच कळत होतं. तरीही मी निर्धास्त होतो, आणि त्याला कारण होतं. शेजारचे भैया, ते रिटायर झालेले मास्तर, त्यांना या गोष्टींतलं कळतं असा त्यांचा दावा. मी सहज म्हणून विचारलं. त्यांनी ठासून सांगितलं, की वाईन जितके दिवस ठेवाल तितकी मुरते, लोणच्यासारखी. "आप तो रख दो, साहब, दस साल." मला हवं होतं तेच त्यांनी सांगितलं. मी मनात हिशेब मांडला. ती येईल तेव्हा मी खरं सांगेन, बाटली सील न फुटलेली तिच्यासमोर ठेवेन, आपण दोघं मिळून उघडू, आणि मी सांगितलं होतं तसाच वास येईल. खोटं होतं ते खरं ठरेल. राखीव नमुना यासाठीच तर असतो.

मधे दोन उन्हाळे गेले; मधल्या हिवाळ्यात तिला सुट्टी मिळाली नाही. आमच्या मागच्या खोलीला पश्चिमेची भिंत आहे. कूलर समोरच्या खोलीत. मे महिन्यात ते लोखंडी कपाट उघडायचं तर मी हाताला रुमाल गुंडाळायचो. पण त्या कपाटात वाईन आहे हे मला आठवत असूनही, कपाट तापतं आणि त्यातली वाईनही तापते, हे एकत्र कधी सुचलं नाही. चुनखडीला उन्हाने काही होत नाही. शंभर कोटी वर्षं ती तापतेच आहे.

दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, दिवाळीच्या आधी, तिचा फोन आला. मालकाने तिच्या पट्टीच्या वाईनसाठी वेगळा कागद छापला होता. त्यांच्याकडे लोक वाईन चाखायला येतात, त्यांच्या हातात देण्यासाठी. त्याच्यावर माझं वाक्य होतं. ताज्या फोडलेल्या चुनखडीवर पाणी, लिंबाची साल, जिभेच्या कडेला मीठ. खाली लिहिलं होतं, की हे या वाईनच्या कर्तीच्या वडिलांचे शब्द आहेत, ज्यांनी भारतात आयुष्यभर चुनखडी तपासली.

"मी रोज वाचून दाखवते लोकांना," ती म्हणाली. "सगळ्यांना आवडतं. आता जी नवीन वर्षाची वाईन निघाली ना, तीसुद्धा मी तुमचं वाक्य समोर ठेवून केली. साल पाहिजे, रस नाही पाहिजे, असं स्वतःला सांगत. बाबा, तुम्ही हे बोलला नसता तर मी कदाचित सोडून आले असते. तेव्हा खूप वाईट चाललं होतं माझं."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? 

बायकोला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत होती. "फेका ती बाटली," ती म्हणाली. "नालीत ओता. पोरगी येईल, पाहील, तिच्या जिवाले लागेल. नाही फेकत तर प्या तरी आता."

मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. फेकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. आणि आता पिणं म्हणजे आधी रिपोर्ट देऊन मग तपासणं. मला अजूनही वाटत होतं, की बाटली मला वाचवेल.

जानेवारीत ती आली. भनपुरीच्या बाजूला ट्रकांचा जाम होता म्हणून टॅक्सी फिरून आली. ती घरात शिरली तीच दमलेली, पण खुशीत. तिने तो छापलेला कागद काचेच्या फ्रेममध्ये घालून आणला होता. फ्रेंच मजकूर, खाली तिने हाताने लिहिलेलं मराठी. बायकोने ती फ्रेम पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे तसं इतक्या वर्षांत दोनदाच पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झालं, ऊन पडवीत आलं होतं, तेव्हा मी म्हटलं, "जरा बस. सांगायचं आहे." आत गेलो, कपाट उघडलं, धोतरात गुंडाळलेली बाटली आणली आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवली. धोतर तिनेच सोडवलं. चिठ्ठी वाचली. माझी तारीख, माझी सही.

"ही तीच?"

"तीच."

"मग तुम्ही प्यायली ती कोणती होती?"

"मी प्यायलो नाही, पोरी. खोटं बोललो."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मला जमलं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं ते मला येतं. ती चिठ्ठीच पाहत राहिली. मी घाईघाईने सांगू लागलो. एकच बाटली होती, फोडवेना, म्हणून राखून ठेवली, अजून सील आहे, आता आपण दोघं उघडू, तूच पाहा, मी सांगितलं तेच निघेल. बोलता बोलता माझा आवाज चढला. का चढला कुणास ठाऊक. चूक माझी असली की माझा आवाज चढतो, हे बायकोचं निरीक्षण आहे.

तिने बाटली उजेडाकडे धरली. मग बुचावरचं आवरण काढलं. बूच कडेने थोडं वर आलं होतं आणि त्याच्या भोवती तपकिरी ओघळ वाळला होता. "कुठे होती ही?" तिने विचारलं. मी मागच्या खोलीकडे बोट केलं. ती उठली, आत गेली, कपाटाच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली, मग पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवला. जानेवारीतसुद्धा दुपारी ती भिंत कोमट असते. परत येऊन बसली.

"तळघरात ठेवली असती तर ही दहा वर्षं टिकली असती, बाबा," ती म्हणाली.

"मग उघडून तर पाहू."

बायकोने गोल बाजारातून आणलेले काचेचे ग्लास पुसून ठेवले. मुलीने बूच काढलं. वाईन ओतली. मी शाब्लीचे शेकडो फोटो पाहिले होते. ती कोवळ्या गवताची झाक असलेली पिवळी असते. ही कडक चहासारखी होती. तिने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. प्यायली नाही. माझ्याकडे पाहत राहिली. मला कळलं, ती थांबली आहे. तिला माझ्याकडून जे हवं होतं, ते तिला अजून मिळालं नव्हतं.

मी ग्लास उचलला. आधी वास घेतला. सडक्या सफरचंदांचा वास, आणि त्यामागे जळल्यासारखं काहीतरी. दगड नाही. लिंबू नाही. घोट घेतला आणि जिभेवर धरला. आंबट, चपटं, मेलेलं. मीठबीठ काही नाही. गिळलं. दुसरा घोट घेतला, कारण दोन घोट कबूल होते. मला फार लाज वाटली. नोकरीत, घरात, कुठेही मला अशी लाज वाटलेली नाही. पण या वेळी काय बोलायचं ते सुचायला मला काही वाचावं लागलं नाही.

"वाईट आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "वाईट आहे. पण ही मी केलेली नाही, बाबा. ही तुम्ही केली."

बायको "अगं" म्हणाली आणि थांबली.  त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नव्हतं. मी केलेली ती वाईन माझ्यासमोर होती, आणि तिने केलेली आता कुठेच उरली नव्हती. त्या वर्षाच्या बाकीच्या बाटल्या कधीच्या विकल्या गेल्या होत्या. चाखणारे चाखून गेले. ज्याच्यासाठी तिने एक मागे ठेवली होती, तो मी.

तिने ग्लास उचलून मोरीत ओतले, विसळले, पालथे घातले. मग लॅपटॉप आणून टेबलावर उघडला आणि मालकाला लिहायला बसली. बोटं भराभर चालत होती, पण लिहिलं थोडंच, दोन ओळी. मला फ्रेंच येत नाही. मी विचारलं, "काय लिहून राहिली?"

तिने मान वर न करता मराठीत वाचून दाखवलं. "कागदावरचं वाक्य काढून टाका. माझ्या वडिलांनी ही वाईन चाखलेली नाही."

मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कारकुनाने कागद पुढे सरकवावा आणि साहेबाने नजर टाकावी म्हणून थांबावं, तशी ती थांबली.

"बरोबर आहे ना, बाबा? पाठवू?"

मी म्हटलं, "बरोबर आहे. पाठव."